विहीणबाईंचं नाक

रवि. ११ जाने.
ठाण्याहून संध्याकाळी परत. प्रज्ञाचं डोहाळजेवण झालं. सगळं विहीणबाईंनीच केलेलं. फुलांचे दागिने, फुलांचा झोपाळा, पाच तऱ्हेचे भात, वर फोटोवाला. मी हिरवी साडी घेऊन गेलेलो. पोचलो तर पोरीला त्यांची हिरवी आधीच नेसवलेली. माझी पिशवीतून बाहेर निघालीच नाही. येताना दारामागे ठेवून आलो.

प्र. त्यांना मम्मी म्हणते. लग्नाला दोन वर्षं झाली, एकदाही अडखळली नाही. वत्सला गेली तेव्हा पोर दहावीत. तेव्हापासून "आई" हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. लग्न ठरताना मीच ज्याला त्याला सांगत फिरलो, पोरीला आई नाही, सासू तेवढी माणसासारखी मिळू दे. मिळाली. आता पोटात दुखतंय.

पंगतीत विषय काढला. म्हटलं पहिलं बाळंतपण माहेरी, पुढच्या महिन्यात न्यायला येतो. विहीणबाईंनी मला भात वाढला.

शनि. १७ जाने.
प्र. आणि जावई इकडे मोहन्याला, घरी आलेले. पोर उंबऱ्यातच थांबली, ओढणी नाकाला. मग मोरीत वांती.
"पप्पा, सरपंचाचा वास येतोय. सगळीकडे."
सरपंच म्हणजे आपला बोका. तिनेच कॉलेजात असताना आणलेला, नावही तिचंच. गल्लीत सगळ्यांच्या दारात फिरून चौकशी करतो म्हणून.
मला काय कळणार? कोरोनाच्या तापात माझं नाक गेलं ते गेलंच. कांदा, गॅस, अगरबत्ती, सगळं एकच. इतकी वर्षं कोणी बोललं नाही, मला वाटलं घर चकाचक.
अर्धा तासही बसली नाही. जावई पायरीवरच उभे. भले माणूस आहेत, पण त्यांनी रुमाल काढला नि घडी घालून परत ठेवला ते मी पाहिलं.

रवि. १८ जाने.
विहीणबाईंचा फोन. आवाज कसा, तर दुधात साखर. "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. आपण इथेच करू. डॉक्टर सांगतात मांजराच्या घाणीपासून तिला लांब ठेवा. तुम्हीच इथे येऊन राहा हवं तर."
भांडल्या असत्या तर मलाही भांडता आलं असतं.
महिनाभराची मुदत मागितली. घर वास मारायचं थांबलं तर पोर इथे, नाही तर तिथे. कबूल म्हणाल्या.
मी येऊन राहायचं म्हणे. त्यांच्या सोफ्यावर, पाहुणा म्हणून.

गुरु. २२ जाने.
तीन दिवस फिनेल. पांढरं, काळं, लिंबाचं. फरशी, मोरी, कपाटाचे पाय. कंपनीत फिटर होतो तेव्हा मशीनसुद्धा एवढं पुसलं नसेल.
शेजारच्या शेवंताबाईंना बोलावलं, वास घेऊन बघा म्हटलं. दारातूनच म्हणाल्या, "कुठे काय, भाऊ? मला तर काहीच येत नाही." चला.

शनि. २४ जाने.
लाइटचा मीटरवाला आला. मीटर आत, मोरीजवळ. श्वास कोंडून आत आला, आकडा बघितला, पळत बाहेर. तिकडे जाऊन खोकला.
म्हणजे शेवंताबाई मनाला बरं वाटावं म्हणून बोललेल्या. आजवर सगळेच तसे बोलले असणार. वय झालेला एकटा माणूस, त्याला तोंडावर कोण सांगणार.
दुपारी पाहिलं, सरपंच कपाटाला पाठ लावून, शेपटी ताठ. कालच पुसलेली जागा.

सोम. २६ जाने.
झेंडावंदन. कॉलनीत जिलबी. प्र. ला फोन केला तर पहिला प्रश्न, सरपंच कसाय. दुसरा प्रश्न माझ्याबद्दल. बॅकग्राउंडला त्या हाक मारत होत्या, "प्रज्ञा, सूप गार होतंय." ठेवते म्हणाली.
सूप. मला अळीव, डिंक एवढंच माहीत. उद्या सूप बघतो मोबाइलवर.

बुध. २८ जाने.
सरपंचाला पिशवीत घालून कल्याणला जनावरांच्या डॉक्टरकडे. तरुण मुलगी, पण स्पष्ट. म्हणाली, काका, बोका मुतत नाही, तो सही करतो. तुम्ही फिनेल ओतून सही पुसता, त्याला वाटतं दुसरा कोणी घुसला, की परत करतो. बाहेरचे बोके दारावर येतात का? म्हटलं येतात, एक लाल आहे मोठा. म्हणाली त्याचाच राग.
म्हणजे हाही माझ्याच जातीचा.
उपाय लिहून घेतला: १) ऑपरेशन. २) फिनेल बंद. ३) गार पाणी, व्हिनेगर, कोरडं झाल्यावर खायचा सोडा. ४) त्यावर त्यांच्याकडचं एन्झाइमचं औषध, रात्रभर तसंच. ५) ऊन.
ऑपरेशनची तारीख घेतली.

मंगळ. ३ फेब्रु.
ऑपरेशन झालं. सरपंच गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून भिंतीकडे तोंड करून बसलाय. माझ्याकडे बघत नाही. शेवंताबाईंनी सुका बोंबील दाखवला तर चालला लगेच. जा बाबा, तूही जा.

रवि. ८ फेब्रु.
गादी फेकली. वास कापसाच्या मुळापर्यंत गेलेला, असं शेवंताबाईंचा जावई म्हणाला. कपाट एकट्याने सरकवलं. पाठीमागे प्लायवुड फुगलेलं. ते कापून पत्रा बसवला, रिव्हेट मारले. हात अजून चालतो.
आज प्र. चा फोन नाही. जावयांनी फोटो पाठवला, सासू-सून दोघी तलावपाळीवर, कणीस खातायत. दोघींच्या चपला सारख्या.
किती वेळ चपलाच बघत बसलो.

शनि. १४ फेब्रु.
सगळं झालं. पण झालं हे सांगणार कोण? माझं नाक मेलेलं. शेवंताबाई गोड. विहारातल्या मंडळींना काल चहाला आणलेलं, सगळे म्हणाले छान वाटतं हो घर. वाटतं!
आख्ख्या जगात मला खरं सांगेल असं एकच माणूस आहे. तिला खोटं बोलून काहीच मिळणार नाही. उलट वास आला तर तिचाच फायदा.
दिवसभर फोन हातात घेऊन ठेवला, उचलला, ठेवला.

रवि. १५ फेब्रु.
केला. म्हटलं, विहीणबाई, एकदा येऊन वास घेऊन जाता का. म्हणाल्या, बुधवारी येते. एकटीच.

बुध. १८ फेब्रु.
सविस्तर लिहितो.
रिक्षा घेऊन शहाड स्टेशनला त्यांना आणायला गेलो. चहा आधीच थर्मासमध्ये भरलेला. आल्यावर म्हणाल्या, चहा नंतर, आधी काम. साडीचा पदर कमरेला खोचला, चष्मा कपाळावर आणि सरळ गुडघ्यावर बसल्या. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघ्यांची तक्रार रोजची. मी हात द्यायला गेलो तर नको म्हणाल्या.
मोरीचं दार: नाही. कपाट: नाही. "इथे पत्रा कोणी मारला? बरा मारलाय." ओट्याखाली: थोडा सोड्याचा, मांजराचा नाही. खिडकी: नाही. मी मागे मागे, परीक्षेत बसल्यासारखा.
मग पलंगाजवळ थांबल्या. वाकून खाली बघितलं. "इथून येतोय, भाऊ. ट्रंकेतून."
मी ट्रंक बाहेर ओढली.
ट्रंकेत वत्सलाच्या दोन साड्या. एक जांभळी, दवाखान्यात नेलं तेव्हा अंगावर होती ती. एक रोजची पिवळी, सुती. अकरा वर्षं धुतल्या नाहीत. नाक होतं तोवर अधूनमधून झाकण उघडून बसायचो. हे इथेही कधी लिहिलं नाही, आज लिहितो. नाक गेल्यावरही बसायचो. झाकणाची बिजागरी वाकलेली, वीतभर उघडंच राहतं. फिटर माणूस, दहा मिनिटांचं काम. केलं नाही. सरपंच आत जाऊन निजायचा, हे आज त्याच्या केसांवरून कळलं.
त्यांनी जांभळी उचलली, नाकाशी नेली, लगेच लांब धरली.
मी विचारलं, फक्त मांजराचाच का? अजून काही येतो?
त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. चष्मा काढून पलंगावर ठेवला. साडी परत घेतली, घडी उलगडून आतली बाजू शोधली, त्यात तोंड घातलं. बराच वेळ. एवढी घाण असून.
"भाऊ, खरं सांगू की बरं वाटेल ते सांगू?"
म्हटलं, खरं.
"मांजराचाच येतो."
बायकोच्या साडीत शेवटचं तोंड घालायचं तेही त्यांनीच. राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम. आणि त्यांनी खोटं सांगितलं नाही म्हणून बरंही वाटलं. काय ते मला नीट लिहिता येत नाही.
म्हणाल्या, "द्या माझ्याकडे. ठाण्याला मशीनला लावते, दुपटी शिवून आणते बाळाला."
मी म्हणालो, नको. जरा जोरातच. त्यांनी हात मागे घेतला.
चहा प्यायल्या. जाताना उंबऱ्यातून एवढंच बोलल्या, धुताना गरम पाणी घालू नका, वास बसतो.

शुक्र. २० फेब्रु.
साड्या धुतल्या. गार पाणी, व्हिनेगर, औषध. पहिलं पाणी चहासारखं. दुसरं कमी. पाचव्या पाण्याला जांभळा रंग थोडा उतरला, तेव्हा हात थांबला. मग परत घातला. पिळताना जोर केला नाही.
गॅलरीत वाळत टाकल्या. शेवंताबाई पाहून आत गेल्या, त्या साड्या ओळखतात. वत्सलासोबत कितीदा बाजारात गेलेल्या.

शनि. २१ फेब्रु.
बिजागरी बदलली.
शेवंताबाईंना म्हटलं, बाई, आज तुम्ही मला बरं वाटेल असं बोलू नका, प्रज्ञासाठी विचारतोय. साडीला नाक लावलं. खाली बघत म्हणाल्या, "येतोय भाऊ अजून. थोडा."
आज पहिल्यांदा शेजारीण भेटली. परत भिजत घातल्या.

मंगळ. २४ फेब्रु.
शेवंताबाई आता वास येत नाही म्हणतात. मी दोनदा विचारलं. त्यांच्या सुनेला आणून तिलाही वास घ्यायला लावला. ती म्हणाली उन्हाचा वास येतो.
उन्हाचा वास कसा असतो, आठवायला गेलो. नाही आठवला.
पिवळीचे चार तुकडे केले. दुपटी मीच शिवतोय, धावदोरा. टाके वाकडे. बाळाला काय कळतंय.

शनि. २८ फेब्रु.
प्र. चा फोन. तासभर. इतकी कधी बोलली नव्हती.
"मम्मी म्हणाल्या, घर स्वच्छ आहे, खुशाल जा. पप्पा, तुम्ही मम्मींना वास घ्यायला बोलावलंत?"
हो म्हटलं. हसली, मग नाक ओढल्यासारखा आवाज आला.
म्हणजे पोर माझ्या घरी येणार तेही त्यांच्या सहीने. असू दे. येतेय ना.
साड्यांचं त्यांनी तिला काहीच सांगितलेलं नाही. मीही नाही सांगितलं. ही एक गोष्ट आता माझी आणि त्यांची. वत्सलाबद्दलची. ह्यात त्यांना वाटेकरी करायचं मी कधी ठरवलेलं?
दवाखाना कल्याणचा बघून ठेवलाय, स्टेशनपासून जवळ. कागद जावई पाठवणार.
मग शेवटी हळू आवाजात: "पप्पा, मला यायचंय. पण भीती वाटते. बाळ रडायला लागलं तर तुम्ही नि मी, दोघांनाही काही येत नाही. अंघोळ कशी घालायची, कसं धरायचं. पहिले पंधरा दिवस मम्मी आल्या तर चालेल? त्यांना मी अजून विचारलं नाही. आधी तुम्हाला विचारतेय."
मी म्हटलं, विचार करून सांगतो.
आधी मला विचारलं. हे दहादा मनात घोळवलं.
पण त्या इथे? माझ्या ओट्याशी, माझ्या मोरीत? बाळाला पहिली अंघोळ त्यांच्या मांडीवर, मी तांब्या धरून उभा. बाळ त्यांचा हात ओळखणार आधी. पंधरा दिवसांत पोर दिवसाला पन्नासदा मम्मी म्हणणार, ह्या चार भिंतींत, जिथे ती वत्सलाला हाक मारायची.
आणि नाही म्हटलं तर बाळ रडेल आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसू.

रवि. १ मार्च
कल्याणला गेलो, खाटांच्या दुकानात. घरचा पलंग प्र. ला, मला एक खाट. लोखंडी घडीची खाट पसंत केली, वाकून वेल्डिंग तपासलं, चांगलं आहे. दुकानदार पावतीपुस्तक उघडून म्हणाला, काका, एक पाठवू की दोन?
म्हटलं, संध्याकाळी फोन करून सांगतो.
संध्याकाळ झाली. सहा वाजलेत. दुकान आठला बंद होतं.