सात-नऊच्या वर्षातल्या दोन खुर्च्या

मी, आर्विड नायगार्ड, वय पंचाहत्तर, राहणार टकोमा, वॉशिंग्टन राज्य, गोदीतून निवृत्त झालेला वेल्डर, पुरत्या भानावर असून हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डाव्या कानाने कमी ऐकू येते, स्मरणशक्ती मात्र शाबूत आहे आणि माझी सगळी तक्रार तिच्याविषयीच आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. धाकटा भाऊ गॉर्डन याने गेल्या महिन्यात दोनदा फोन करून खुर्च्यांचे काय ठरवले असे विचारले, त्याला मी दडपण मानत नाही, कारण दोन्ही वेळा मी फोन ठेवून दिला. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते. हेही रागातच करतो आहे, पण हा राग तेरा वर्षे मुरलेला आहे.

कलम १. राहते घर गॉर्डनची मुलगी कर्स्टन हिला द्यावे. मला मूलबाळ नाही, आणि माझी पत्नी मार्लिस हिने या पोरीला आपलीच मानले होते. मागच्या दाराची कडी वर उचलून मगच ओढावी लागते, हे तिला ठाऊक आहे. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. वेल्डिंगचा मुखवटा, हातमोजे आणि हत्यारांची पेटी गोदीतल्या शिकाऊ वर्गाला द्यावी. पेटीवर "फोरमन" असे कोरलेले आहे, ते कोणी घासून काढू नये. मी फोरमन कसा झालो याविषयी माझ्या भावाचे एक मत आहे. ते पुढे येईलच.

कलम ३. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधी साधा करावा. उरेल ते आमच्या लूथरन चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावे, अट एवढीच की कॉफी जरा बरी आणावी. चाळीस वर्षे मी ती देवासमोर बसून प्यायलो आहे, म्हणून बोललो नाही.

कलम ४. आता खुर्च्या.

सिएटलच्या फुटबॉल मैदानावर (आमचा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळण्याचा), उत्तरेच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, अकरा आणि बारा क्रमांकाच्या दोन जागांचा हंगामी हक्क माझ्या नावावर आहे. १९८३ साली, जुन्या छपराच्या मैदानात असताना, मी तो घेतला. ते मैदान सुरुंग लावून पाडले तेव्हा आम्ही दोघे भाऊ टेकडीवर उभे राहून रडलो होतो. बारावर मी बसायचो आणि अकरावर गॉर्डन. कामेही वाटलेली होती. तिकिटे त्याने सांभाळायची, आणि वाहनतळावर माझ्या ट्रकच्या मागे शेगडी पेटवून सामन मासा मी भाजायचा. सत्तावीस वर्षांत एकही तिकीट हरवले नाही, म्हणून आपण ती कोणाच्या हाती देतो आहोत असा विचार मी कधी केलाच नाही.

२०१० च्या हंगामात आमचा संघ सात सामने जिंकला आणि नऊ हरला. असा संघ जानेवारीत घरी बसतो. पण आमच्या गटातले बाकीचे तिघे आमच्याहून वाईट निघाले, आणि गटात पहिला येणाऱ्याला बाद फेरीत जागा मिळतेच, तीही घरच्या मैदानावर. पाहुणे आले ते न्यू ऑर्लिन्सचे, आदल्या वर्षीचे अजिंक्यवीर. देशभर आमची टिंगल चालली होती. मला लाज वाटली नाही, उलट फार आनंद झाला. त्या आठवड्यात मी मार्लिसला तीनदा विचारले की निळा स्वेटर कुठे आहे, आणि तो माझ्या अंगावरच होता.

आठ जानेवारीला, शनिवारी सकाळी, मी शेगडी पेटवली. मासा भाजून झाला, निवाला, आणि गॉर्डन येईना. सामन्याला अर्धा तास राहिला तेव्हा त्याचा फोन आला. तिकिटे त्याने आदल्या दिवशीच न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या दोघांना विकून टाकली होती. मी विचारले, का? तो जे बोलला ते इथे जसेच्या तसे उतरवतो, कारण हा कागद कोर्टात वाचला जाईल.

"अरे, वासरात लंगडी गाय शहाणी, तसा तो संघ. बाकीचे मेलेले म्हणून आत घुसला. तुझंही आयुष्यभर तसंच झालंय ना दादा? वरचे दोघे अलास्काला गेले म्हणून तू फोरमन. तिचा पहिला पळून गेला म्हणून मार्लिस तुझी. उगाच थंडीत बसून हरताना काय बघायचं?"

मी फोन ठेवून दिला. गेटवर गेलो, एकही तिकीट शिल्लक नव्हते. परत येऊन ट्रकमधला रेडिओ लावला आणि शेगडीजवळ उभा राहिलो.

चौथ्या, शेवटच्या सत्रात आधी पायाखालची जमीन हलली. शेगडीवरची जाळी खुळखुळली. मग मैदानातून आवाज आला, आणि रेडिओवर कळले ते सगळ्यांत शेवटी: आमचा एक गडी चेंडू काखेत घेऊन, अंगावर येणाऱ्या आठ-नऊ जणांना झटकत, अर्ध्याहून जास्त मैदान ओलांडून गेला होता. लोक इतके नाचले की भूकंपमापकावर नोंद झाली. आम्ही जिंकलो. सत्तावीस वर्षे मी ज्या क्षणासाठी बसलो होतो, तो मला डांबरावर उभा राहून तळपायांनी कळला.

शेजारची तेरा नंबरची खुर्ची व्हर्ना प्रुइट हिची. ती शाळेची बस चालवायची. तिने नंतर सांगितले, "तुझ्या जागेवरचा माणूस तोंड झाकून बसला होता, आर्विड. मी त्याला म्हटलं, ऊठ, ही उभं राहणाऱ्याची जागा आहे."

पुढच्याच आठवड्यात संघ शिकागोत हरला. त्याचे मला काही नाही. सात-नऊवाल्याने एकदा जमीन हलवली, तेवढे पुरे.

तीन वर्षांनी तोच संघ अजिंक्य ठरला, तेव्हा गॉर्डनने फोन केला. "आता येऊ का रे?" मी नाही म्हटले. आता सगळेच येत होते.

पण एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. अकरा नंबरची खुर्ची मी विकली नाही, कोणाला दिलीही नाही. साथीचे एक वर्ष सोडून पुढचे बारा हंगाम मी दोन्ही जागा घेतल्या आणि अकरावर माझे जाकीट ठेवले. मार्लिस गेली त्या वर्षीही ठेवले. कोणी विचारले तर सांगायचो, भाऊ गाडी लावून येतोय.

कलम ५. तरी, दोन्ही खुर्च्यांचा हक्क माझा भाऊ गॉर्डन नायगार्ड याला द्यावा. अटी अशा:

त्याने प्रत्येक घरचा सामना शेवटच्या शिटीपर्यंत पाहावा, संघ कितीही मार खात असो. मध्येच उठल्यास हक्क कर्स्टनकडे जाईल. देखरेख व्हर्ना करील. ती साक्षीदार असल्यामुळे तिला या कागदाने काही देता येत नाही. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मला काही नको. त्याला थंडीत कुडकुडताना बघायला मिळेल, तेवढं बास."

पहिल्या पूर्ण हंगामात त्याने अकरावर, म्हणजे आपल्याच जागी बसावे आणि बारा नंबरची खुर्ची रिकामी ठेवावी. तिच्यावर माझे जाकीट ठेवावे. ते दारामागच्या खुंटीला आहे. कोणी विचारले की इथे कोण बसते, तर काय सांगायचे ते त्याने स्वतः ठरवावे. मला बारा हंगाम लागले. त्याला एकच सांगतो आहे, कारण तो धाकटा आहे.

त्यानंतर बारावर कर्स्टनला बसवावे.

हे सर्व मी वाचून, समजून, स्वतःच्या हाताने लिहिले आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

सही: आर्विड नायगार्ड

साक्षीदार: व्हर्ना प्रुइट, खुर्ची क्रमांक तेरा
साक्षीदार: पास्टर ल्यूथर एकडाल (कॉफीबद्दलचे वाचले आहे.)

टकोमा, १९ मार्च २०२४