दुसरं कडवं मी म्हटलं

बाई,

शनिवारी दुपारी मी तुमच्याकडे शिकलेलं गाणं माइकवर म्हटलं. चौदा माणसांसमोर. अजून छाती धडधडतेय, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आता दोन हजार सात चालू आहे. मी जर्मनीत कोलोनला राहते, गाड्यांचे गिअरबॉक्स डिझाइन करते, यातलं तुम्हाला काहीच ठाऊक नाही.

पुण्यात तुम्ही जपानी शिकवायचात ते स्वयंपाकघरात, कारण पुढच्या खोलीत तुमच्या मामंजींचा पलंग होता. मिक्सरशेजारी टेप, ओट्याला टेकून तुम्ही उभ्या आणि चटईवर आम्ही तिघी. व्याकरण संपलं की तुम्ही जुनी जपानी विरहाची गाणी लावायचात. बंदर, बर्फ, बोटीतून निघून गेलेला माणूस आणि धक्क्यावर उरलेली बाई. एकदा मामंजी बाहेरून विचारतात, "अगं, ती बाई अजून किती रडणार आहे?" "अहो मामंजी, एकच कडवं राहिलंय," म्हणत तुम्ही टेप पुन्हा मागे नेता. मग माझी पाळी येते. एकही अक्षर न चुकता मी म्हणून दाखवते आणि शाबासकीची वाट बघते. तुम्ही गॅस बारीक करता. "तिचा माणूस गेलाय आणि तू वाण्याची यादी वाचतेयस. ओळ संपायच्या जरा आधी थांब. तिला पुढचं बोलवत नाहीये, ते ऐकू येऊ दे." मला ते इतकं लागलं की नंतर तुमच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नाही. तुम्ही दोनदा म्हणालात, "गा गं." मी मान खाली घालून लिहीत राहिले.

आता शनिवारचं सांगते. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे जपानी सहकारी निवृत्त होऊन मायदेशी निघालेत. त्यांची बायको गेल्या हिवाळ्यात इथेच वारली. निरोपासाठी आम्ही ड्युसेलडॉर्फला, जपानी वस्तीतल्या एका दुकानात, कराओकेची खोली घेतली होती. दहा वर्षांची लेकही माझ्याबरोबर होती. आमचे जर्मन बॉस दोन गाणी बेसूर म्हणून मोकळे झाले आणि त्यांना म्हणाले, "आल्झो, चला, आता तुमची पाळी." त्यांनी गाण्यांच्या जाड पुस्तकातून नंबर शोधून दाबला. सॅक्सोफोनचे पहिले सूर आले आणि मी सोफ्यावर ताठ झाले. तेच गाणं होतं, बाई.

पहिलं कडवं त्यांनी सुरेख म्हटलं. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्याच शब्दाला त्यांचा आवाज बसला. वाद्यं वाजत होती, पडद्यावर अक्षरं रंगत पुढे चालली होती आणि ते माइक गुडघ्यावर ठेवून नुसते बघत होते. बॉसनी मशीन बंद करायला हात पुढे केला. "राहू द्या," म्हणत मी उठले आणि माइक घेतला.

पडद्याकडे मी पाहिलंच नाही. शब्द आपोआप येत होते. पहिली ओळ संपत आली आणि मी थांबले. खरंच थांबले. त्या रिकाम्या जागेत शेवटचा शब्द त्यांनी म्हटला, बसल्या जागेवरून, हळूच. मग पुढची ओळ माझी, तिचा शेवटचा शब्द त्यांचा. कान तापले होते, अंगावर काटा होता आणि आवाज माझा आहे यावर माझाच विश्वास बसत नव्हता. गाणं संपलं. लेक म्हणाली, "मामा, नोखमाल." म्हणजे आई, पुन्हा एकदा. आम्ही पुन्हा म्हटलं, वर आणखी चार म्हटली, सगळी रडकी. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

कोट चढवताना त्यांनी विचारलं, "हे कोणी शिकवलं?" मी सगळं सांगितलं, मामंजींसकट. ते खूप हसले. "पुण्याला गेलात की बाईंना माझा नमस्कार सांगा. कशा आहेत त्या?"

हे पत्र टपालात पडणार नाही, पण नमस्कार तेवढा पोचवते. आणि एक कबूल करते. तुम्ही गेलात हे मला त्यांना सांगवलं नाही. "छान आहेत," मी म्हणाले, "अजून शिकवतात."