सरपंचबाईंची सही

१६ ऑगस्ट, शनिवार

आज द्वारकानं दगडानं कुलूप फोडलं. साऱ्या गावासमोर! माझ्या बायकोनं!

नीट लिहितो.

तीन दिवस पाऊस थांबेना. ओढ्याला छातीभर पाणी. सकाळी पद्माबाई गेल्या — रत्नपाल मास्तरची आई. बौद्धवाड्यातल्या मयताची जागा ओढ्याच्या पलीकडं, उघड्यावर. अलीकडं पत्र्याचं शेड आहे, पण तिथं फक्त आमच्या लोकांना अग्नी देतात. असं कुठं लिहिलेलं नाही. आहे, बस्स. फाटकाची चावी जळबादादाकडं — उपसरपंच, माझा थोरला चुलतभाऊ.

दुपारी मास्तर दारात आला. चिंब भिजलेला. मलाच म्हणाला, "संतरामभाऊ, पाणी उतरंना. आईला किती वेळ ठेवू?"

मी म्हणालो, "बघू. बैठक घेऊ."

बैठक! मयतासाठी!

द्वारका आतून आली. सरपंच तीच, पण नावाला. बायकांसाठी राखीव जागा म्हणून मी तिला उभं केलं, अडीच वर्षं कारभार माझाच. गावही मलाच सरपंच म्हणतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मास्तर, मायला शेडात आना. मी हाये तिथं."

फाटकापाशी पंचवीस-तीस माणसं जमली. जळबादादा चावी देईना. "द्वारकाबाई, हे बराबर न्हाई. वाडवडलांपासून चालत आलंय."

लग्नाला बावीस वर्षं झाली, ती दादासमोर कधी तोंड उघडून बोलली नव्हती. तो दिसला की पदर ओढून बाजूला व्हायची. आज पदर खोचला. म्हणाली, "दादा, पत्रे वाडवडलांनी न्हाई घातले, सरकारनं घातले. बोर्डावर सार्वजनिक लिहिलंय. वाचा."

आणि दगड उचलला. तीन घाव.

कुणी अडवलं नाही. कसं अडवतील — तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती कुणाची. मग आमच्याच गोठ्यातली वाळली लाकडं तिनं ट्रॅक्टरमधून आणवली, उतरवायला स्वतः हात लावला. पांढऱ्या कपड्यातली माणसं त्रिशरण म्हणत होती. वर पत्र्यावर पाऊस, खाली जाळ.

मी चिंचेखाली उभा होतो. एक लाकूड उचललं नाही मी.

१७ ऑगस्ट

दळण घेऊन गेलो. गिरणीवाला म्हणे, लाईट नाही. आत चक्की घरघरत होती!

१९ ऑगस्ट, मंगळवार

द्वारका आज ग्रामपंचायतीत जाऊन खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच. चार वाजेपर्यंत कुणी आलं नाही. ती उठली नाही.

घरी आल्यावर विचारलं, "त्या दिवशी भेव वाटलं न्हाई?"

"लई वाटलं."

"मग काहून?"

भाकरी थापता थापता म्हणाली, "दारात मास्तर न्हाई, मायचं लेकरू उभं होतं. त्याला काय सांगू — पाणी उतरू दे?"

ही बाई इतकी वर्षं माझ्याच घरात होती! मला कशी दिसली नाही?

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. आमची जोडी वेशीवरच्या तोरणाखालून जाऊ दिली नाही. बैल सजवलेले तसेच माघारी आणले. द्वारकानं दारातच ओवाळलं, पुरणपोळी चारली. डोळ्यांत पाणी होतं. पण चुकलं असं म्हणाली नाही.

२३ ऑगस्ट

जळबादादा आला. द्वारका शेतात. हातात टाईप केलेला कागद — सरपंचपदाचा राजीनामा.

"तूच करतूस की तिची सही. कर."

"तिला न विचारता?"

"आजवर कधी विचारलंस? तुझ्या वैष्णवीचं लगीन हाय पुढं. ह्या घरातली पोरगी कोण करील? कर सही, तकलीफ मिटली. गाव पहिल्यासारखं बोलंल."

केली. हात आपोआप चालला. कागद घेऊन दादा गेला, मी तसाच बसून राहिलो.

२४ ऑगस्ट

गिरणीत दळण मिळालं. गिरणीवाल्यानं चहा पाजला. अर्धा तसाच ठेवून आलो.

३ सप्टेंबर, बुधवार

तालुक्याहून पत्र आलं. राजीनामा मिळाला, खात्री करायची आहे, सोमवारी पंचायत समितीत हजर राहा.

द्वारकानं ते दोनदा वाचलं. माझ्यासमोर ठेवलं. "मी तर काई लिहून देल्लं न्हाई."

मी पत्राची घडी घालू लागलो. तिला कळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "पोरीचं लगीन..."

वैष्णवी दारातच उभी होती. "बाबा, माझं नाव पुढं करू नका. मला आईचा अभिमान वाटतो. तुमी तुमचं सांगा."

माझं काय सांगू? मला भेव वाटलं. एवढंच खरं. द्वारकालाही वाटलं होतं. तरी तिनं दगड उचलला, आणि मी पेन.

७ सप्टेंबर

द्वारका बोलत नाही. ताट मात्र वाढते.

८ सप्टेंबर, सोमवार

साहेबांनी कागद पुढं केला. "बाई, ही सही तुमची?"

"न्हाई."

"मग कुणाची?"

जळबादादानं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. द्वारकानं माझं नाव घेतलं नाही. वळूनही बघितलं नाही.

मी उठलो. "माझी, साहेब. ही एकच न्हाई. अडीच वर्षांतल्या समद्या माझ्या."