शेवटच्या गाण्याची घाई

मालवण

प्रिय रॉकी,

तू आला नाहीस. येणार नाहीस हे मला माहीत होतं, तरी चर्चच्या मैदानात गिटार जुळवताना माझी मान चारदा फाटकाकडे वळली. दोडामार्ग काही मस्कत नव्हे, दोन तासांची वाट. पण एकतीस वर्षांत तू तुझी रबराची बाग सोडून इकडे फिरकला नाहीस, आणि त्याला कारण मीच. ते पुढे लिहितो, आधी बातमी ऐक.

कार्यक्रम झकास झाला! चर्चच्या फेस्ताच्या, सणाच्या दिवशी दुपारी चारला आपल्या बँडचे ‘द थंडरबोट्स’ पुन्हा उभे राहिले. उभे म्हणजे, मंगेश बेस गिटार घेऊन खुर्चीतच बसला होता, गुडघे गेलेत त्याचे. आंब्याच्या धंद्यात पोट सुटलंय, पण आवाज तोच, भसाडा आणि सुरात. आपले लाल शर्ट पुन्हा शिवून घेतले. माझी दोन बटणं लागेनात, तेव्हा बायकोने, सेवरीनाने, आतून पिना लावून दिल्या आणि वर पोटभर हसली. आपल्याला ‘कान फोडणारे’ म्हणणाऱ्यांचीच नातवंडं पुढे नाचत होती. मजा आली रे! तुझ्या जागी मात्र कोणाला बसवलं नाही. ड्रमचं एक यंत्र भाड्याने आणलं. वेग ठरवून बटण दाबलं की ते आपलं ठोके देत राहतं. आमच्या रिशेलने सगळं चित्रित केलं, त्याचीच आता फिल्म करतेय.

तिला मी शेवटच्या होडीची गोष्ट सांगितली. खाडीपलीकडच्या लग्नांत आपण वाजवायचो आणि साडेसहाची होडी गाठायची असायची. दत्ताराम तांडेल कोणासाठी थांबायचा नाही. काठावरून त्याची हाक यायची, “येतास काय रवतास रे?” आणि आपलं शेवटचं गाणं सुसाट सुटायचं. लोकांना वाटायचं, हीच यांची स्टाइल.

मग अँजेलाचं लग्न. नवरा-नवरीचा संथ नाच चालला होता, तेवढ्यात दत्तारामची हाक आली आणि गाणं पळालं. अँजेलाचा पाय गाउनमध्ये अडकला, ती नवऱ्यासकट केकवर. आणि मी शहाणा माइकवर म्हणालो, “माफ करा हां, आमच्या रॉकीचो हात थांबणा नाय!” सगळा मांडव हसला. तू काठ्या खाली ठेवल्यास. त्या होडीत तू बसला नाहीस, आणि पुन्हा कुठल्या मांडवात वाजवलंही नाहीस. त्यातली एक काठी अजून आमच्या खिडकीला टेकण आहे, दुसरी कुठे गेली देव जाणे.

परवा रिशेलने मला शेवटचं गाणं दाखवलं. यंत्र ठरल्या चालीने ठोके देतंय आणि तुझा मित्र गिटार घेऊन ठोक्यांच्या पुढे धावतोय! मंगेश घाबरून माझ्याकडे बघतोय, आणि माझी नजर खाडीकडे. तिथे आता पूल झालाय. होडी बंद, दत्तारामला जाऊन दहा वर्षं झाली. रिशेल म्हणाली, “पप्पा, तुमका खंय जावचा आसा?” जायचं तर कुठेच नव्हतं. यंत्राला घाई होत नाही, रॉकी. घाई माझी होती, त्या दिवशीही. तू बिचारा मला सांभाळायला मागून धावत होतास. मला फार वाईट वाटतं रे. रिशेल ती चूक झाकून टाकणार होती, मी नको म्हटलं. नाताळाच्या आधीच्या रविवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये फिल्म दाखवणार आहेत. अँजेला आणि तिचा नवराही येतील. ते गाणं आलं की मी फिल्म थांबवणार आणि माइकवरून सांगणार, घाई कोणाची होती ते. तुझं नाव माइकवर घेतलं होतं, आता माझंही तिथेच घ्यायला हवं. तू समोर बसलेला हवास. खिडकीची काठी काल काढून पुसून ठेवलीय, जोडीला एक नवी आणलीय. फिल्म संपली की एक गाणं वाजवू. वेग तू धर, मी मागून येतो.

तुझाच,
फ्रान्सिस