बाबांची जीभ

१७ डिसेंबर

सगळं लानचौ शहर खोकतंय. वसतिगृहात आमच्या मजल्यावर मी एकटीच उभी, बाकीच्या तापाने आडव्या. दवाखान्यात एक आजोबा म्हणाले, "मुली, वैद्य कुठेयत?" मीच, म्हटलं. "मग म्हातारी होऊन ये. मी थांबतो!" रांग हसली. मीही हसले. खोलीवर येऊन मात्र जेवले नाही.

१८ डिसेंबर

गावाकडे बाबांना ताप. आई गेल्यापासून घरात एकटेच असतात. इस्पितळात जा म्हटलं, तर — "घरात पोरगी वैद्य झालीय, ती कशाला?"

फोनवर नाडी कशी बघू? आमच्या चिनी वैद्यकात जीभही रोग सांगते, म्हणून जिभेचा फोटो मागवला. लालभडक, वर जाड पिवळा थर, मधोमध खोल भेग. जर्दाळूच्या बिया, ज्येष्ठमध, आणखी सात औषधं — काढा लिहून पाठवला. शेजारचे शांग काका आणून देतील.

१९ डिसेंबर

फोटो नाही. फोन उचलत नाहीत.

२० डिसेंबर

आला! जीभ गुलाबी, थर पातळ. दोन दिवसांत! खाली लिहिलंय, "बरा आहे. घसा बसलाय, बोलायला लावू नकोस."

माझा काढा! घराण्यातली पहिली पदवी, आणि ती बाबांच्याच कामी आली. सांगायला कुणी नाही. खिडकीपाशी उभी राहून मोठ्याने म्हणाले, "लागू पडला!" काचेवर वाफ धरली, एवढंच.

२१ डिसेंबर

आजचीही जीभ सुरेख.

२२ डिसेंबर

तिन्ही फोटो कागदावर लावून दवाखान्यातल्या हाओ गुरुजींपुढे ठेवले. शाबासकी हवी होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"दोन रोगी एकाच कागदावर का?"

"एकच आहेत, गुरुजी. माझे बाबा."

"थर निघतो. जन्माची भेग कुठे जाते? पहिल्या वर्षाचा धडा ना हा, पंडितबाई?"

भेग! शेवटच्या दोन्ही फोटोंत नाहीच. मला फक्त थर गेलेला बघायचा होता.

२३ डिसेंबर

बाबांचा फोन अखेर उचलला — शांग काकांनी. आधी नुसते खाकरले. मग, "जीभ माझीय, पोरी. एकोणीस तारखेला काढा उकळेस्तोवर त्याला धापच लागली. तालुक्याला नेलं, ऑक्सिजनवर आहे. जाताना फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, 'तुझी जीभ पाठवत जा रे. पोर तिथे एकटी आहे.'"