पोट कापायची तारीख

११ जानेवारी १९८८

काल वसुधाचा साखरपुडा झाला. नात माझी, घर माझ्या मासळीवर उभं राहिलेलं, आणि मानाच्या जागी बसला धर्मा. नाव न घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. म्हणून मुद्दाम लिहिते. धर्मा, धर्मा, धर्मा.

बावीस वर्षं झाली, माझी सहा पोरं माझ्या गळ्यात टाकून पुढच्या गल्लीत जयाकडे राहतो. तीही आली होती. नवं लुगडं, पोट सपाट. मूल झालं नाही तिला, पोट सपाट राहायला काय झालं.

पाहुण्यांना सरबत देताना मी वाकले, पदर सरकला आणि लोंबतं पोट दिसलं. धर्मा व्याह्याला म्हणतो, "बघा, आमच्या सरूचं जाळं. वाळत घातलंय, पण वाळत नाय." व्याही हसला. जया हसली. चंदू पण हसला — माझा थोरला, वसुधाचा बाप. त्याच जाळ्यात नऊ महिने राहून आलाय तो.

धर्माचं हसणं मला जुनं आहे. चंदूचं लागलं.

१२ जानेवारी

दार लावून आरशासमोर उभी राहिले. कातडी मांडीपर्यंत येते. धर्मा खोटं बोलला नाही. म्हणूनच त्याला सोडणार नाही.

२३ जानेवारी

जुहूची एक बाई माझ्याकडे पापलेट घ्यायला सात बंगल्याच्या बाजारात येते. दिवाळीपासून दिसली नव्हती. आज आली ती निम्मी होऊन. म्हटलं, खाणं सोडलंत की काय? मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "मावशी, पोट कापून घेतलं. लोंबणारं सगळं डॉक्टरने काढून टाकलं."

मी रोज मासळी साफ करून देते. माणसाचंही साफ करून मिळतं हे ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरचा पत्ता घेतला. पापलेट दोन जास्त दिली.

४ फेब्रुवारी

डॉक्टरकडे गेले. चंदूच्या वयाचा असेल, हात बाईसारखे नाजूक. "आजी, काय त्रास होतो?" म्हटलं, त्रास काही नाही, हे पोट नको आहे. त्याने कातडी चिमटीत धरून बघितली, उभी करून बघितली, बसवून बघितली. मग विचारलं, या वयात कशासाठी? मी म्हटलं, नातीच्या हळदीत नाचायचं आहे, नवऱ्याच्या तोंडासमोर.

तो हसला नाही. तेव्हाच ठरवलं, करायचं तर याच्याच हातून.

म्हणाला, दोन प्रकार आहेत. एक नवीन मशीन आलंय, नळी घालून चरबी ओढून घेतं. भोक बारीक, माणूस लवकर घरी. मला तेच बरं वाटलं. पण म्हणतो, "तुमच्यात चरबी थोडी, कातडीच फार. आतलं ओढून घेतलं तर रिकामी पिशवी लोंबत राहील." म्हणजे कापायचं. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत कापून, वरची कातडी खाली ओढून शिवायची. आतले स्नायू पण आवळून शिवायचे. बेंबीला नवीन जागी भोक पाडायचं. बेंबी मात्र जुनीच.

जखम चिघळू शकते, रक्ताची गाठ होऊ शकते, जिवावरही बेतू शकतं, सगळं सांगितलं. म्हटलं, सहा वेळा बेतलं होतं, तेव्हा मला कोणी सांगायला आलं नव्हतं. शेवटी साखर, ब्लडप्रेशर, सगळं विचारून झालं. "सिगारेट, तंबाखू?" मी काय खलाशी आहे? नाही म्हटलं.

१४ मार्च ठरली. हळद मे महिन्यात. तोपर्यंत उड्या माराल म्हणाला.

७ फेब्रुवारी

पाटल्या मोडल्या. चंदू अंगावर आला.

"आये, त्या वसुधाला द्यायच्या होत्या."

"माझ्या हातात होत्या."

"लोक काय बोलतील? म्हातारीला हे काय थेर सुचले?"

"लोकांना सांग, बाप हसला. आणि तू पण हसलास ते सांग."

सून नलिनी मोरीत भांडी आपटत राहिली. आपट म्हटलं, भांडी पण माझीच आहेत.

१४ मार्च

वाट लागली.

सकाळी भरती झाले. पोटावर पेनाने रेघा पण मारून झाल्या. भूल द्यायच्या आधी नर्स म्हणाली, तोंड उघडा. बघते तर हिरड्या काळ्या.

"आजी, तंबाखू खाता?"

"नाही."

"मग हे काय?"

"मिश्री. दातांना लावते."

मिश्रीला आमच्यात कोणी तंबाखू म्हणत नाही. उठल्यावर लावायची, बाजारात लावायची, जेवल्यावर लावायची. दात घासले असंच म्हणतात. नर्स म्हणाली, "पण ती करतात कशाची?" मी म्हटलं, तंबाखूची. मीच भाजते ना तव्यावर. बोलून गेले आणि मग समजलं.

डॉक्टर चिडला. तंबाखूने कातडीला रक्त पोचत नाही, शिवलेली कातडी काळी पडून सडते. उठा, घरी जा, मिश्री पूर्ण सुटली की मग या. पुढची तारीख कधी? वही उलटीपालटी करून म्हणाला, ६ मे. त्यानंतर तो परदेशी जाणार, थेट पावसाळा संपल्यावर येणार.

७ मेला वसुधाची हळद.

पोटावर रेघा घेऊन रिक्षाने घरी आले. नलिनीने विचारलं, झालं? मी म्हटलं, नक्षी झाली फक्त.

१५ मार्च

मिश्रीची डबी खाडीत टाकली.

२२ मार्च

डोकं फुटतंय. तोंड सारखं काहीतरी मागतं. लवंग चावते, काही होत नाही. आज तीन गिऱ्हाइकांशी भांडले, एकीला बोंबील दिलेच नाहीत.

बाजारात जया दोन पाट सोडून बसते. आज सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "काय गो सरू, जाळं दुरुस्तीला टाकलं होतंस म्हणे? परत धाडलं काय?"

म्हटलं, "दुरुस्तीला नाय, फाडायला टाकलंय. तुकडा पाठवू काय तुला? तुझं पोट रिकामंच हाय."

जयाने मान खाली घालून सुरी धुवायला घेतली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मिश्री लावल्यासारखं वाटलं.

१० एप्रिल

६ मे सोडून पावसाळ्यानंतर करावं असं मनात येत होतं. नात एकच आहे. हळदीत लोंबतं पोट घेऊन बसले असते, गिळलं असतं.

चंदूनेच काम सोपं केलं. आज येऊन म्हणतो, "आये, हळदीला बाबा आणि जयाकाकी पुढे बसतील. तू जरा मागे बस. नाचूबिचू नको. व्याह्यांसमोर तमाशा नको."

मी म्हटलं, मागे पण नाही बसणार. ६ तारखेला कापून घेते. दहा दिवस वाकून पडायचं आहे, डॉक्टरने सांगितलंय. मांडवात लोक विचारतील, आजी कुठे? तू सांग. तुझ्या बापाला सांगायला लाव. आई पोट कापायला का गेली, ते माईकवर सांगा.

तोंड मेल्या मुशी माशासारखं झालं त्याचं.

वसुधाला मी स्वतः सांगितलं. बराच वेळ वेणीचं टोक चावत बसली. मग म्हणाली, "आजी, तू नसलीस म्हणून मी रडत बसणार नाही, सांगून ठेवते."

"नको रडू. फोटो खराब येतात."

नाक शिंकरायला बाहेर गेली. माझीच नात.

२८ एप्रिल

तपासण्या झाल्या. हिरड्या बघून डॉक्टर खूश. पण नवीन लफडं — एक बाटली रक्त घरच्यांनी द्यायचं. नाहीतर हात लावणार नाही म्हणतो.

चंदूला सांगितलं. तो म्हणाला, "हौसेला रक्त कसलं द्यायचं?" बाकीच्या पोरांना त्याने आधीच पढवून ठेवलंय. एक म्हणतो ताप आहे, एक म्हणतो बोटीवर जायचंय. पोरी नवऱ्यांना विचारून सांगतात.

सहाजणांना मी माझं रक्त पाजून मोठं केलं. एक बाटली परत मिळत नाही. आता तर कापणारच. हे पोट गेलं की यांची अंगावरची खूण पण गेली.

३ मे

रक्त नाही.

५ मे

भरती झाले. एकटीच आले. नर्स म्हणाली, संध्याकाळपर्यंत रक्त नाही आलं तर घरी जा.

चार वाजता जया आली. कोपराच्या आत कापूस चिकटवलेला, रक्त देऊन आलेली. नर्सने लिहून घेताना विचारलं, "पेशंटच्या कोण लागता?" जया म्हणाली, "सवत." नर्सचं पेन थांबलं.

मी म्हटलं, कशाला आलीस? भिंतीकडे बघत म्हणाली, "साखरपुड्याला तो तुला हसला, मी पण हसले. घरी जाऊन लुगडं बदलत होते, तर माझं रिकामं पोट बघून पण हसला."

तिने पिशवीतून तांब्या काढला, चादर काढली. म्हणाली, मी इथेच राहते, तुला पाणी कोण देणार. मी पाय आखडून पायाशी तिला जागा दिली.

परवा हळद. दोन बायकांचा नवरा मांडवात एकटा बसेल.