गणपतीपुढच्या डायनासोरचा उपवास

ती. आप्पासाहेब यांस,

कोंडीरामचा सा. नमस्कार. तुमची धाकटी बहीण हेमा आणि मुलं इथे मजेत. वर्ध्याला सगळे खुशाल असतील. रविवारचं मटण पचतं ना? आणि गुडघे नीट वाकतात ना? (सहज विचारलं.)

पत्रास कारण, नारायण पेठेतल्या मंडळानं यंदाच्या हलत्या देखाव्यात डायनासोर मागितलाय. अकरा वर्षं त्यांचा देखावा मीच करतो. पण बैठक संपल्यावर चिटणीस यज्ञेश्वरपंत जिन्यात खजिनदाराला हळूच म्हणाले, "कोंडीरामचं हे शेवटचं. पुढच्या वर्षी आमचा सलिल कॉम्प्युटरवर करून देईल." (सलिल म्हणजे त्यांचा भाचा, सॉफ्टवेअर कंपनीत आहे.) मी वरच्या पायरीवर चपला शोधत होतो. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. तिथेच ठरवलं, असं जनावर उभं करायचं की पेठेला दुसरं नाव सुचू नये.

विश्रांतवाडीच्या शेडमध्ये सांगाडा उभा केला आणि सवयीनं त्याला गणपतीपुढे हात जोडायला लावले. (माझ्या देखाव्यातला राक्षससुद्धा शेवटी हात जोडतो.) प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका दुर्गाबाई बघायला आल्या. म्हणाल्या, याचे हात एवढेसे, दोन-दोन बोटांचे, तोंडापर्यंतसुद्धा पोचत नाहीत, नमस्कार कसला करतोय? डोकं मात्र पाच फुटी, दात केळ्याएवढे आणि कडेला करवतीसारखे. हा चावत बसत नाही. लचका तोडायचा, मान झटकायची, हाडांसकट गिळायचं. एवढं डोकं घेऊन तोंडावर का पडत नाही, तर मागे शेपटीचं वजन.

मी हात कापले, शेपटीत वाळू भरली, दात लोखंडी केले. तेवढ्यात पंतांनी काढलं, गणपतीसमोर मांसाहार चालणार नाही, त्याच्या तोंडात दुर्वा द्या. मी म्हटलं, त्या दातांत दुर्वा दिसल्या तर दुर्गाबाई मला खातील. यावर दोन बैठका झाल्या. शेवटी तोडगा माझाच चालला. जबडा उघडेल, मिटेल, तोंडात काही नसेल, आणि पायाशी पाटी: 'उपवास आहे. खायला घालू नये.' पंत पाटीवर इतके खूश झाले की खाली 'घातल्यास अपमान होईल' हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

आता जबड्याला मोटर लावलीय. माणसाचा हात न लागता दहा दिवस चालेल. सलिलला म्हणावं, ये आणि बघ.

आपला,
कोंडीराम

ता. क. मोटर आत्ताच जळाली. लोखंडी दात तिला पेलवेनात. पोटात बसून माणसानं दोरी ओढली तर जबडा झकास चालतो, मी बसून पाहिलं. पण मी आत बसलो तर बाहेर पंतांशी कोण बोलणार? तुमच्या दंडात तालमीची ताकद आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी यावंच. आत टेबलफॅन आहे.

पुन्हा ता. क. डबा जबड्यातून आत देऊ. मात्र दहा दिवस डायनासोरच्या पोटात मटण जाणार नाही, असं पंतांनी माझ्याकडून लिहून घेतलंय. तेव्हा मोटर चालू होती, म्हणून मी हसत सही केली.